जपानला पहिल्यांदा जाताय? टोकियो राहू द्या, क्योतोत मुक्काम टाका

"जपानला जायचंय, आठवडाभर आहे, काय काय बघू?" असा मेसेज आला की त्याच्याखाली एक यादी चिकटवलेली असतेच. टोकियो दोन दिवस, फुजी एक दिवस, हिरोशिमा, ओसाका, क्योतो अर्धा दिवस आणि जमलं तर नारा. अशा ट्रिपमध्ये जपान कमी आणि स्टेशनंच जास्त बघून होतात. तुम्हाला इलेक्ट्रॉनिक्स, अ‍ॅनिमे, मोठमोठ्या इमारती यात रस असेल तर टोकियोच बरं, मी अडवणार नाही. पण देवळं, बागा, जुनी घरं, चहा, मूर्ती, एकूण जपानी संस्कृती म्हणतात ती बघायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या खेपेला टोकियो सोडा, कानसाई भागात, म्हणजे क्योतो-ओसाका-नारा पट्ट्यात, एका जागी राहा आणि तिथून रोज कुठेतरी जाऊन या. आपल्या माणसाला तिथे ओळखीचं इतकं सापडतं की गाईडची फार गरज पडत नाही. कसं ते पुढे येईलच.

आधी तारखा

साकुरा म्हणजे चेरीची फुलं क्योतोत साधारण मार्चच्या शेवटी आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असतात, पण झाडं कॅलेंडर बघून फुलत नाहीत, त्यामुळे तिकीट काढून आठवडाभर इकडे-तिकडे झालं तर रडू नका. मेपलची लाल पानं नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना पानं बहुतेकदा हिरवीच सापडतात हे आधीच सांगून ठेवते, कारण ब्रोशरवर नेहमी लालच फोटो असतो. मे महिन्याच्या सुट्टीत जाणार असाल तर एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा टाळा, तेव्हा गोल्डन वीक असतो आणि अख्खा जपान फिरायला निघालेला असतो. ते संपलं की मे महिना मस्त, हवा छान, सगळीकडे हिरवं. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस, आणि मग जुलै-ऑगस्टचा उकाडा. मुंबईकरांनो, तुम्हाला वाटतंय आपल्याला काय उकाड्याचं, पण क्योतो डोंगरांनी वेढलेली बशी आहे, वारा हलत नाही. तरी जुलैत जायचंच असेल तर १७ जुलै धरा. गिऑन उत्सवात प्रचंड लाकडी रथ त्या दिवशी शहरातून ओढतात. ८६९ साली रोगराई आली म्हणून सुरू झालेला उत्सव आहे आणि रथांवर लावलेल्या जुन्या गालिच्यांमध्ये भारतातून गेलेलेही आहेत.

व्हिसा आणि कागद

भारतीय पर्यटकांना आता ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत करायचा. बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, हॉटेल बुकिंग, रोजचा कार्यक्रम, हे नेहमीचंच. लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे: हा व्हिसा विमानतळावर मोबाइलवर ऑनलाइन उघडून दाखवावा लागतो, प्रिंट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणजे उतरल्या उतरल्या फोनला इंटरनेट हवंच, ई-सिम आधीच टाकून ठेवा. इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहिती व्हिजिट जपान वेब या साइटवर घरूनच भरा, क्यूआर कोड मिळतो, रांगेत पेन शोधत बसावं लागत नाही.

आणि औषधं. आपल्याकडे सर्दीच्या गोळीला कोणी विचारत नाही, पण सुडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेली औषधं जपानमध्ये नेणं बेकायदा आहे. घरातल्या डब्यातून मूठभर पट्ट्या उचलून बॅगेत टाकायची सवय असेल तर या वेळी प्रत्येक पट्टीची मागची बाजू वाचा. आई-बाबांच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर प्रिस्क्रिप्शन ठेवा.

कुठे उतरायचं, कसं फिरायचं

विमानाचं तिकीट ओसाकाच्या कानसाई विमानतळाचं काढा. सिंगापूर, बँकॉक, हाँगकाँग यांपैकी कुठेतरी एक थांबा घेऊन पोचता येतं. हा विमानतळ समुद्रात भराव टाकून बनवलेल्या बेटावर आहे, १९९४ साली सुरू झाला. तिथून हारुका नावाची ट्रेन सव्वा तासात, फार तर थोडा जास्त वेळ घेऊन, थेट क्योतो स्टेशनात सोडते.

राहायचं क्योतोतच, ओसाकात नाही. ओसाकाची हॉटेलं स्वस्त पडतात, खाणंपिणं धमाल, सगळं खरं, पण क्योतोची खरी मजा सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर असते, आणि ओसाकाहून येणारा माणूस नेमका मधल्या गर्दीत सापडतो. क्योतो स्टेशनच्या दक्षिणेला हाचिजो बाजूला हॉटेल बघा, वाजवी दरात मिळतात. खोल्या छोट्या असतात, दोन मोठ्या बॅगा एकदम उघडता येणार नाहीत, तेव्हा माणशी एक मध्यम बॅग पुरे.

जेआर पासच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या पर्यटक पासच्या, मागे लागू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० वरून एकदम ५०,००० येनवर गेला. एका जागी राहून फिरणाऱ्याला तो परवडतच नाही. इकोका कार्ड घ्या, पैसे भरत राहा, ट्रेन-बस-दुकान सगळीकडे टॅप करा. क्योतोत बसपेक्षा ट्रेन आणि मेट्रो बऱ्या, बसमध्ये गर्दीच्या वेळी अंधेरीची आठवण येते, फक्त इथे कोणी ओरडत नाही. रोख पैसे मात्र जवळ असू द्या कारण छोट्या देवळांत कार्ड चालत नाही. एटीएम सेव्हन-इलेव्हनच्या दुकानात असतं, परदेशी कार्ड घेतं.

पहिला दिवस: ओळखीच्या देवांपासून सुरुवात

सगळे पहिल्या दिवशी सोनेरी देऊळ बघायला धावतात. मी म्हणेन आधी स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर असलेल्या तोजी देवळात जा. तिथला पॅगोडा साधारण ५५ मीटर उंच, जपानमधला सगळ्यात उंच लाकडी पॅगोडा, तो लांबूनच दिसतो. पण आपलं काम त्याच्या शेजारच्या व्याख्यान-सभागृहात आहे. आत अंधूक उजेडात २१ मूर्ती मांडल्यात, एका मोठ्या मंडलासारख्या, आणि डोळे जरा सरावले की कडेला हत्तीवर बसलेला एक देखणा तरुण दिसतो. तो ताइशाकुतेन, म्हणजे आपला इंद्र, आणि ज्यावर बसलाय तो ऐरावत. दुसऱ्या टोकाला चार तोंडांचा बोनतेन, हंसांवर बसलेला ब्रह्मदेव. चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर हे सगळे इकडे आले आणि इथेच स्थायिक झाले. आपल्याकडे ब्रह्मदेवाचं देऊळ शोधावं लागतं, इथे तो हजार-बाराशे वर्षं आरामात बसलाय. महिन्याच्या २१ तारखेला गेलात तर तोजीच्या आवारात मोठा बाजार भरतो, जुने किमोनो, चिनी मातीची भांडी, लोणची, रोपं, काय वाट्टेल ते.

तिथून सान्जुसान्गेन्दो. सुमारे १२० मीटर लांब लाकडी सभागृह, १२६६ साली पुन्हा बांधलेलं, आणि आत कान्नोनच्या म्हणजे अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती रांगेत उभ्या. फोटो काढायला बंदी आहे, आणि खरं सांगू का, ते बरंच आहे, लोक निदान बघतात तरी. त्या सोनेरी गर्दीच्या पुढे २८ रक्षक देवता आहेत, त्यांच्याकडे सावकाश बघत जा. चोच असलेला, पंख असलेला आणि चक्क बासरी वाजवणारा एक जण भेटेल. तो करुरा, आपला गरुड! विष्णूला सोडून इथे बासरी कधी शिकला देव जाणे. दोन टोकांना वायुदेव आणि मेघगर्जनेचा देव, वायुदेवाच्या खांद्यावर वाऱ्याने फुगलेली पिशवी. मुलं बरोबर असतील तर त्यांना हा भाग नक्की आवडतो.

पहाटे उठायचे दोन दिवस

एक सकाळ फुशिमी इनारीला. क्योतो स्टेशनहून जेआर नारा लाइनने दुसरं स्टेशन, पाच मिनिटं. चोवीस तास उघडं, तिकीट नाही. शेंदरी तोरी कमानींची रांग डोंगरावर चढत जाते, हजारो आहेत. सकाळी साडेसहाला पोचा, नऊनंतर मोबाइलच्या काठ्यांशिवाय काही दिसत नाही. वर चढताना मागे वळून कमानींची दुसरी बाजू बघा, प्रत्येकीवर दान देणाऱ्या दुकानाचं, कंपनीचं नाव आणि तारीख काळ्या अक्षरात कोरलेली असते. इनारी धान्याचा आणि धंद्याचा देव, त्यामुळे भरभराट मागायला आणि झाली की फेडायला व्यापारी येतात. फोटोतला भाग पहिल्या दहा मिनिटांतच संपतो आणि बहुतेक लोक तिथूनच परत फिरतात. तुम्ही अर्ध्या वाटेवरच्या योत्सुत्सुजी चौकापर्यंत तरी जा, तिथून शहर दिसतं. माथा फक्त २३३ मीटरवर आहे, सिंहगड चढणाऱ्याला काहीच नाही, पण माथ्यावर दृश्य नाही, तेव्हा गुडघे कुरकुरत असतील तर चौकातच थांबा.

दुसरी सकाळ कियोमिझुदेरा, ते सकाळी सहाला उघडतं. १६३३ साली बांधलेला मोठा लाकडी सज्जा दरीवर पुढे आलाय, खाली खांबांची जी जुळणी आहे तिच्यात खिळे नाहीत. आधी देऊळ, मग उतरत सान्नेनझाका आणि निनेनझाकाच्या दगडी पायऱ्या, दुकानं उघडायच्या आधी. तिथून गिऑन ही जुनी वस्ती चालत जवळ. गिऑनमध्ये गेइको-मैको, म्हणजे गेइशा आणि शिकाऊ गेइशा, दिसल्या तर त्यांच्या मागे पळू नका, वाट अडवू नका. लोकांनी इतका त्रास दिलाय की खाजगी गल्ल्यांमध्ये पर्यटकांना मनाई झालीये आणि १०,००० येन दंडाच्या पाट्या लागल्यात.

सोनेरी देऊळ, किन्काकुजी, ते राहिलंच. बघा, पण फार अपेक्षा ठेवू नका. मूळची इमारत १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने जाळली, आताची १९५५ ची आहे. तळ्यापलीकडून बघायचं, फोटो काढायचा, वीस मिनिटांत बाहेर. त्याच्याआधी जवळच्या र्योआनजीला जा, ते वर्षाचा बराचसा काळ आठ वाजता उघडतं आणि किन्काकुजी नऊला. तिथल्या बागेत नुसती पांढरी खडी, १५ दगड, आणि कुठूनही बसलात तरी निदान एक दगड लपलेला राहतो. लोक बसून मोजत असतात. अराशियामाचं बांबूचं बन सकाळी सातच्या आत जमलं तरच, नाहीतर सोडून द्या, फार काही चुकत नाही.

नारा: हरणं आणि एक भारतीय भिक्षू

क्योतोहून किनतेत्सु कंपनीच्या ट्रेनने जा, तिचं नारा स्टेशन जेआरच्या स्टेशनपेक्षा बागेला जवळ आहे. पाऊण तास धरा. वाटेत उजी लागतं ते जेआरवर, चहासाठी आणि १० येनच्या नाण्यावर जी इमारत आहे ते ब्योदोइन देऊळ बघण्यासाठी, ते वेगळ्या दिवशी करा.

नाऱ्यात हजाराहून जास्त हरणं मोकळी फिरतात. त्यांच्यासाठीची बिस्किटं तिथेच विकत मिळतात, तेवढीच द्यायची. आपण बिस्किट दाखवलं की हरीण मान खाली घालून नमस्कार करतं, हे बघून सगळे वेडे होतात आणि मग बिस्किट वर धरून आणखी दोन-तीन नमस्कार करून घ्यायला बघतात. तिथे हरणाचा संयम संपतो. कुर्त्याची कड, ओढणी, हातातला नकाशा, जे सापडेल ते ओढतं. पटकन द्या, हात रिकामे दाखवा, ते निघून जातं.

तोदाइजी देवळातला महाबुद्ध साधारण १५ मीटर उंच आहे, ब्राँझचा. ७५२ साली या मूर्तीच्या डोळ्यांत रंग भरून प्राणप्रतिष्ठा केली ती बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. तो ७३६ मध्ये जपानला पोचला होता आणि परत गेलाच नाही. इतक्या लांब, त्या काळात, बोटीने! आताची इमारत १७०९ ची आहे, आधीच्या जळल्या. बाकीचे लोक बुद्ध बघून चार वाजता परत ट्रेनला जातात, तुम्ही मागच्या टेकडीवरच्या निगात्सुदो देवळात जा, रात्रंदिवस उघडं आणि फुकट, तिथल्या सज्ज्यातून नारा शहरावर संध्याकाळ उतरताना बघायची. क्योतोच्या कुठल्याही पैसे देऊन बघायच्या जागेपेक्षा मला हे जास्त आवडतं.

कोयासान: इथे एक रात्र काढाच

बाकी सगळं कापलंत तरी हे कापू नका. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनहून नानकाई रेल्वे गोकुराकुबाशीपर्यंत, मग पाच मिनिटांची केबल कार, मग बस. वर साधारण ८०० मीटर उंचीवर देवळांचं आख्खं गाव आहे, ११७ देवळं, त्यातल्या पन्नासेक ठिकाणी राहता येतं. ८१६ साली कुकाई नावाच्या भिक्षूला ही जागा मिळाली. त्याने चीनमध्ये जाऊन मंत्रमार्गाचा बौद्ध धर्म शिकून आणला, त्याचा पंथ शिंगोन. आपल्याला जो धागा सापडतो तो इथे: मंत्र संस्कृत आहेत, फक्त उच्चार जपानी झालेत. सकाळच्या पूजेला बसलात की मधेच "सोवाका" ऐकू येतं, ते आपलं स्वाहा. काही देवळांत गोमा करतात, म्हणजे होमच, लाकडं रचून, तेल घालून.

ओकुनोइनची दफनभूमी दोन किलोमीटर लांब आहे, प्रचंड देवदारांखाली, दोन लाखांहून जास्त समाध्या. इचिनोहाशी पुलापासून चालत या, बसने मधेच उतरू नका. समाध्या पाच दगडांच्या असतात, खाली चौकोन, त्यावर गोल, मग छपरासारखा, मग अर्धगोल, वर टोक. जरा जवळ जाऊन बघा, बऱ्याच दगडांवर एकेक अक्षर कोरलेलं आहे, ते सिद्धम् लिपीतलं. वरून खाली ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. आपली पंचमहाभूतं. सिद्धम् आणि देवनागरी एकाच ब्राह्मीच्या घरातल्या, त्यामुळे 'र' सारखं एखादं अक्षर शेवाळाखालूनही वाचता येईल असं वाटतं. सामुराई सरदारांच्या समाध्यांच्या जवळ कंपन्यांचीही स्मारकं आहेत, एक रॉकेटच्या आकाराचं, आणि एक कीटकनाशकवाल्यांनी मारलेल्या वाळवीसाठी उभारलेलं. हसू येतं आणि मग येत नाही.

सगळ्यात आत कुकाईची समाधी. तो ८३५ पासून तिथे ध्यानात बसलाय, गेलेला नाही अशी श्रद्धा आहे, आळंदीच्या संजीवन समाधीसारखीच. रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला भिक्षू त्याच्यासाठी लाकडी पेटीतून जेवण घेऊन जातात, ती वेळ गाठा. शेवटच्या पुलापलीकडे फोटो नाही, टोपी काढायची.

देवळात राहायचं म्हणजे काय ते नीट समजून घ्या. संध्याकाळी पाचच्या आत पोचायचं, साडेपाच-सहाला जेवण, दार लवकर बंद, सकाळी सहाच्या सुमाराला पूजा. तातामी चटई, फुटोनवर म्हणजे जमिनीवरच्या गादीवर झोप, बाथरूम बहुतेक ठिकाणी सामायिक. माणशी साधारण पंधरा हजार येनच्या पुढे, दोन जेवणं धरून. स्वस्त नाहीये. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर बुक करतानाच खुर्ची आणि पलंग मिळेल का विचारा, काही देवळांत सोय असते. हिवाळ्यात कडाक्याची थंडी.

खाण्याचं काय?

शाकाहारी लोकांसाठी कोयासान म्हणजे सुटकेचा श्वास. शोजिन र्योरी म्हणजे भिक्षूंचं जेवण, मांस-मासे नाहीत, कांदा-लसूण पण नाही. तिळाचं मऊ तोफू, गोठवून वाळवलेलं कोयादोफू, भाज्यांचा तेम्पुरा. जैन मंडळींनाही बरंचसं चालावं, कंदमुळं मात्र विचारून घ्या.

डोंगर उतरलात की सावध. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी, म्हणजे उकळून काढलेलं चवीचं पाणी, आणि ते बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचं. म्हणजे भाज्या घातलेला उडोन (जाड नूडल्स), मिसो सूप, साध्या दिसणाऱ्या उकडलेल्या भाजीतही मासा असू शकतो. "मी व्हेजिटेरियन" म्हटलं तर मांस काढतात, दाशी तसंच. मोबाइलमध्ये जपानी भाषेत स्पष्ट लिहून ठेवा: मांस, मासे, माशाचं दाशी, काहीच नको. क्योतोत युदोफू, म्हणजे गरम पाण्यातलं तोफू, देणारी जुनी ठिकाणं आहेत, पण बुडवायच्या सॉसमध्ये दाशी असतं तेही विचारा. थेपले, मेतकूट, लाडू घेऊन जा, लाजायचं कारण नाही. भारतीय हॉटेलं ओसाका-कोबेमध्ये बरीच. कोबेच्या कितानो भागात जुन्या भारतीय व्यापाऱ्यांची वस्ती आहे, संगमरवरी जैन मंदिरही आहे. मासे खाणाऱ्या कोकणी, मालवणी मंडळींना अर्थातच काही सांगायची गरज नाही.

पुणेकरांसाठी एक जास्तीचा दिवस

सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला सगळे ओकायामा गार्डनच म्हणतात, ते ज्या बागेवरून घेतलंय ती कोराकुएन, ओकायामात. क्योतोहून शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, तासाभरात. १७०० साली पूर्ण झाली, जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. पुण्याची बाग आवडत असेल तर मूळ बघाच. इथे बागेच्या मधोमध भातखाचर आणि चहाचा मळा आहे, करकोचे पाळलेत, आणि नदीपलीकडे काळा किल्ला दिसतो. परतताना हिमेजीला उतरून पांढरा किल्ला बघता येतो, त्याचा मुख्य बुरूज १६०९ चा, लाकडी, खूप उभ्या जिन्यांचा. दोन्ही एका दिवसात होतं पण पाय बोलतील.

बारीकसारीक, पण कामाचं

शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवळात दोनदा वाकायचं, दोनदा टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध देवळात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडा. तोरी असेल तर शिंतो, एवढी खूण बहुतेक वेळा पुरते. बूट सतत काढावे लागतात, लेस नसलेले घाला आणि मोजे धड बघून घ्या. ट्रेनमध्ये फोनवर बोलू नका. कचऱ्याचे डबे रस्त्यावर नसतातच, खिशात एक पिशवी ठेवा. गरम पाण्याच्या सामायिक कुंडात आधी बाहेर बसून साबणाने अंग धुवायचं, मग आत, कपडे न घालता. लाज वाटत असेल तर रात्री उशिरा जा, कोणी नसतं.

शिंकानसेनमध्ये लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वरच्या बॅगेसाठी खास सीट आधी बुक करावी लागते. त्यापेक्षा मोठी बॅग कुरिअरने पाठवा, काळ्या मांजराचं चिन्ह असलेली यामातो सगळ्यात जास्त दिसते, हॉटेलच्या रिसेप्शनवर फॉर्म भरून दिला की साधारण दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात. कोयासानला जाताना रात्रीपुरती सॅक पाठीवर घ्या, बाकी सामान क्योतोच्या हॉटेलातच ठेवून घ्यायला सांगा, ते बहुतेक हो म्हणतात. आणि शेवटच्या दिवशी बॅग थेट विमानतळावर पाठवायची असेल तर एक नाही, दोन दिवस आधी द्या.